यमाईच्या डोंगरावरचा ठेवा
ठाण्यातल्या माजिवड्याहून औंध तसं लांबच. पण साताऱ्याकडे गेलात तर वाट वाकडी करून खटाव तालुक्यातल्या या गावी जाच. यमाईच्या डोंगरावर चढताना श्री भवानी संग्रहालय आणि ग्रंथालयाची इमारत लागते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली ती उभारली. राजे स्वतः चित्रकार. सूर्यनमस्काराचा प्रसारही त्यांनीच केला. आत ग्रंथ आहेत, हस्तिदंती कोरीवकाम आहे, राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. आणि हेन्री मूर या जगविख्यात इंग्रज शिल्पकाराचं दगडी शिल्पही आहे: बाळाला घेतलेली आई. आपल्या माणदेशी दुष्काळी मुलखात ती आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिच्यासमोर जरा वेळ थांबा.