देवगिरीचा समुद्र



दौलताबादच्या, म्हणजे जुन्या देवगिरीच्या, किल्ल्यातल्या बारादरीत उभं राहिलं, की चहूकडे डोंगर, शेतं आणि वेरूळकडे जाणारा रस्ता दिसतो. समुद्र इथून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. तरीही या किल्ल्याच्या एका राजानं भर समुद्रात लढाई जिंकली होती. तो राजा म्हणजे महादेव यादव. १२६१ ते १२७१ या काळात तो देवगिरीच्या गादीवर होता. उत्तर कोकणात तेव्हा शिलाहार सोमेश्वराचं राज्य होतं. यादवांची फौज घाट उतरून आली, जमिनीवर सोमेश्वराचा निभाव लागला नाही आणि तो गलबतांवर चढून समुद्रात निघाला. यादवांनी तिथंही त्याची पाठ सोडली नाही. त्या पाठलागात सोमेश्वर बुडून मेला. यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो, की महादेवाच्या क्रोधाच्या आगीपेक्षा सोमेश्वरानं समुद्रातला वडवानल पत्करला.

मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर नावाचं गाव आहे. तिथं पुरुषभर उंचीहून मोठे वीरगळ आहेत. अनेक अभ्यासक त्यांचा संबंध याच लढाईशी जोडतात. जवळ जाऊन पाहिलं तर दगडावर आडवे पट्टे दिसतात. एका पट्ट्यात टोकदार नाळेची गलबतं ओळीनं उभी आहेत, मधोमध डोलकाठी आहे आणि बाजूनं वल्ह्यांची रांग पाण्यात उतरलेली आहे. शिल्पकारानं वल्हं न् वल्हं वेगळं कोरलंय. वरच्या पट्ट्यांत लढाई, त्याच्याही वर स्वर्गाला निघालेले वीर आणि शिवलिंगाची पूजा. आपल्याकडे वीरगळ म्हटलं की घोडा, तलवार आणि पळवलेल्या गाई डोळ्यांपुढे येतात. गलबतांचे वीरगळ फार थोड्या ठिकाणी आहेत.

आज मी किनाऱ्याच्या वारशाबद्दल बोलणार आहे. तो वारसा लहान जहाजातून, बंदराबंदराला थांबत पाहावा, असं मला आग्रहानं सांगायचंय. आणि हे मी मुद्दाम मराठवाड्यातल्या श्रोत्यांना सांगतोय, कारण देवगिरीची निम्मी गोष्ट त्या किनाऱ्यावर पडून आहे.

घाटमाथा आणि बंदर यांचं नातं यादवांच्या कितीतरी आधीचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं पैठण आणि तेर इथला माल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जातो, अशी नोंद करून ठेवली आहे. नाणेघाटाच्या तोंडाशी आजही दगडी रांजण उभा आहे, तो जकातीसाठी होता असं सांगतात. आपल्या कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या एका गांधिकानं, म्हणजे अत्तर आणि सुगंधी वस्तूंच्या व्यापाऱ्यानं, दान दिल्याचा लेख आहे. व्यापार डोंगर उतरून बंदरापर्यंत जायचा, आणि त्या व्यापारातला पैसा असा लेण्यांच्या खांबांना लागायचा.

उलट दिशेनंही माल यायचा. त्यातला सगळ्यांत मोलाचा माल म्हणजे घोडे. दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे, म्हणून अरबस्तान आणि इराणकडून घोडे गलबतांत घालून आणले जात. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला, तोही विकायला घोडा घेऊनच. दख्खनच्या ज्या घोडदळांचा इतिहास आपण अभिमानानं सांगतो, त्यांतले कितीतरी घोडे आधी बोटीतून उतरलेले होते.

आता लहान जहाजाच्या वाटेनं निघू या. मुंबईहून दक्षिणेला जाताना पहिलं मोठं नाव चौलचं. कुंडलिका नदीच्या मुखाशी, उत्तरेला रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आणि दक्षिणेला समुद्रात घुसलेल्या डोंगरावर कोर्लई. चौल हे निजामशाहीचं बंदर, आणि पुढं याच निजामशाहीची राजधानी आपल्या दौलताबादला आली. कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहीकडून घेतला. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात काही कुटुंबं आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. रस्त्यानं गेलात तर रेवदंडा आणि कोर्लई ही दोन वेगळी ठिकाणं वाटतात. पाण्यावरून पाहिलंत तर कळतं, की हे एकाच दाराचे दोन खांब आहेत. या दोघांच्या मधून आल्याशिवाय कोणतंही गलबत चौलला लागू शकत नव्हतं.

त्याच्या खाली राजपुरीच्या खाडीच्या तोंडावर जंजिरा. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसायचं. होडी किल्ल्याच्या जवळ येते, समोर सलग तट दिसतो, बुरूज मोजून होतात, पण दरवाजा काही दिसत नाही. तांडेल सुकाणू वळवतो, होडी तटाला जवळजवळ खेटते, आणि मगच दोन बुरुजांच्या बेचक्यातला दरवाजा समोर येतो. शत्रूच्या गलबताला तोफ कुठं रोखायची तेच कळू नये, अशी ती रचना. दरवाज्याजवळच्या भिंतीवर पंजांत हत्ती पकडलेल्या वाघाचं शिल्प आहे. तटाला पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, त्यामुळं होडी कुठं लावायची हे भरती-ओहोटी ठरवते. ही रचना नकाशावरून समजत नाही, होडीतच समजते.

जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, आणि त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. आता आपल्याकडे वळून पाहा. ज्यानं १६१० साली खडकी वसवली, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा पाया घातला, तो मलिक अंबरही आफ्रिकेतून, इथिओपियातून, गुलाम म्हणून समुद्रापलीकडून आणलेला माणूस. तो निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६२६ साली त्याचा देह खुलताबादला विसावला. जंजिऱ्याचा तट आणि खुलताबादची कबर एकाच समुद्रानं जोडलेली आहेत.

त्याहून खाली हर्णैचा सुवर्णदुर्ग, वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग, मालवणला सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया २५ नोव्हेंबर १६६४ रोजी घातला. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्लेही आहेत. विजयदुर्गाजवळ खाडीच्या आत खडक कोरून केलेली आंग्र्यांची जुनी गोदी आहे. बहुतेक पर्यटक किल्ला पाहून परततात आणि गोदीकडे फिरकत नाहीत. पण आरमार घडतं ते गोदीत. किल्ला त्याची राखण करतो.

मोठं जहाज इथं का चालत नाही, तेही सांगतो. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी गाळ आणि वाळूचे बांध साचलेले असतात, किनाऱ्यालगत बुडीत खडक असतात. मोठं जहाज दूर खोल समुद्रातच नांगर टाकतं. उथळ पाण्यात चालणारी बोट मात्र भरती साधून खाडीत शिरते आणि गावाच्या धक्क्यापर्यंत जाते. वेळेचा हिशोबही पाणी आणि वारा घालून देतो. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा सुटतो, ते मतलई वारे. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे. शिडाची होडी पहाटेच्या मतलईवर बाहेर पडायची आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायची. शाळेच्या भूगोलात दोन गुणांसाठी पाठ केलेलं हे वाक्य कोळ्याच्या घरात पोटापाण्याचं वेळापत्रक होतं.

जगात या प्रकारचा प्रवास फार नीट जमवलाय तो जपान आणि कोरियाच्या समुद्रात. जपानच्या आतल्या समुद्रात, सेतोमध्ये, तोमोनोउरा नावाचं छोटं बंदर आहे. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची भरती तिथं येऊन मिळते, म्हणून शिडाची जहाजं तिथं पाणी फिरण्याची वाट पाहत थांबायची. त्या थांबण्यातून गाव वाढलं. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांचा धक्का आणि १८५९ सालचा दगडी दीपस्तंभ त्यांनी अजून जपला आहे. १६०७ ते १८११ या काळात कोरियाच्या राजाचे बारा राजदूत-ताफे जपानला गेले, त्यांतले बहुतेक याच समुद्रमार्गानं. कुठं थांबले, काय लिहिलं, कोणती चित्रं काढली, त्याची कागदपत्रं दोन्ही देशांनी मिळून मांडली आणि २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत नोंदवली. याच समुद्रात मियाजिमाच्या इत्सुकुशिमा मंदिराचं भव्य लाकडी तोरण भरतीच्या पाण्यात उभं आहे. भक्तांनी होडीतून यावं, म्हणूनच ते तिथं आहे.

कोरियाच्या जेजू बेटावर हेन्यो नावाच्या पाणबुड्या स्त्रिया आहेत. प्राणवायूची टाकी न घेता, केवळ दम धरून त्या तळाशी जातात, शिंपले काढतात आणि वर आल्यावर शिट्टीसारखा आवाज करत श्वास सोडतात. २०१६ साली त्यांच्या या विद्येला युनेस्कोनं वारसा म्हणून मान दिला. आपल्याकडे ओहोटीला खडकांवर वाकून कालवं फोडणाऱ्या, गुडघाभर चिखलात तिसऱ्या वेचणाऱ्या कोळणी पाहा. कोणत्या तिथीला किती पाणी ओसरणार, कोणता खडक किती वेळ उघडा राहणार, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्या ज्ञानाची आपण अजून धड नोंदही केलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर, ग्योंगजूजवळच्या डोंगरात सोक्कुराम आहे. आठव्या शतकातली बुद्धाची गुहा. डोंगरात लेणं खोदून बुद्ध बसवायची कल्पना आपल्या सह्याद्रीत बहरली आणि मध्य आशिया, चीन करत कोरियापर्यंत पोहोचली. तिथला ग्रॅनाइट फार कठीण, खोदता येईना. म्हणून तिथल्या कारागिरांनी घडीव दगड जुळवून गुहाच बांधली आणि वर माती लोटली. आतला बुद्ध पूर्वेकडे, समुद्राच्या दिशेला तोंड करून बसलाय. अजिंठा-वेरूळच्या माणसाला त्या गुहेत परकं वाटणार नाही.

दौलताबादहून पूर्वेच्या समुद्राकडे निघालेला एक प्रवासीही इतिहासात आहे. १३४२ साली महंमद तुघलकानं इब्न बतूताला चीनच्या सम्राटाकडे वकील म्हणून पाठवलं. तो दिल्लीहून निघाला, दौलताबादला आला, इथला किल्ला आणि बाजार त्यानं वर्णन करून ठेवला, मग नंदुरबारवरून खंबायतच्या आखातात जाऊन जहाजात बसला. कालिकतला वादळ झालं आणि सम्राटासाठीच्या भेटी असलेलं जहाज फुटलं. तरीही काही वर्षांनी तो चीनला पोहोचलाच.

कोकणातही बंदराबंदराला थांबणाऱ्या आगबोटी होत्या. मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. आगबोट दूर नांगरायची आणि चाकरमानी, बोजे, पोरंबाळं पडावातून किनाऱ्याला उतरायची. त्या प्रवासाला काळी बाजूही होती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पुढं रस्ते सुधारले, आगबोटी बंद पडल्या, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. प्रवास सोपा झाला हे चांगलंच झालं. पण किनारा समोरून पाहायची सवय मात्र मोडली. २०१८ साली मुंबई-गोवा आंग्रिया जहाज सुरू झालं, तेव्हा पुष्कळांना आनंद झाला. पण ते मोठं जहाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेणारं होतं, आणि ती सेवाही फार काळ टिकली नाही.

मग आज काय करता येईल? पुष्कळ करता येईल. आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा फेरीबोटी खाड्या ओलांडून देतात. गाडीसकट बोटीत चढता येतं. या चार बोटी साधल्या, मध्ये जंजिरा आणि सुवर्णदुर्ग होडीतून पाहिले, की रायगड-रत्नागिरीचा किनारा बऱ्याच अंशी पाण्याच्या बाजूनं कळतो. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यात जाऊ नका. होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि होडी गच्च भरलेली असेल तर पुढच्या फेरीला थांबा. रामदासनं शिकवलेला हा धडा फार महाग होता.

पुढचं पाऊल शासनाचं आणि जाणत्या संस्थांचं. चाळीस-पन्नास माणसांची बोट, सोबत इतिहास जाणणारा एक अभ्यासक आणि समुद्र जाणणारा एक तांडेल, मुक्काम गावातल्या घरांत, जेवण तिथल्या बायकांच्या हातचं. बारा किल्ल्यांना जागतिक मान मिळालाच आहे. तो मान गावातल्या माणसाच्या चुलीपर्यंत पोहोचवायचा हा सगळ्यांत साधा मार्ग आहे.

आणि मराठवाड्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. तुमची सहल दौलताबादला येते, मुलं अंधारीतून वर चढतात, मेंढा तोफेला हात लावून परत जातात. पुढच्या वर्षी हीच मुलं चौल आणि जंजिऱ्याला न्या. शक्य झालं तर जाताना एक्सरचे वीरगळही दाखवा. देवगिरीच्या राजानं समुद्रावर लढाई का केली, हे त्यांना जंजिऱ्याच्या होडीत बसल्यावर कोणी समजावून सांगावं लागणार नाही. घाटमाथ्यावरचा किल्ला आणि खाडीच्या तोंडावरचं बंदर ही एकाच राज्याची दोन टोकं होती, आणि दोन्ही पाहिल्याशिवाय महाराष्ट्र पुरता कळत नाही.