दुसरा हात

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



मला 'सोसायटी आणि मी' हा विषय दिला होता. पण पंचवीस वर्षांचा आढावा सचिव घेणारच आहेत, आणि माझ्यापेक्षा चांगला घेतील. मी आज बागेतल्या शेडबद्दल बोलणार आहे. कुदळ, फावडं, पाण्याचा पाइप आणि गणपतीचं मखर ठेवायची ती दहा बाय बाराची पत्र्याची शेड. हसू नका. गेल्या तीन बैठकांत सर्वांत जास्त वेळ याच शेडने खाल्ला आहे, आणि एका रंगाऱ्याचे चार हजार रुपये तिच्यापायी अडकले आहेत.

हकीकत थोडक्यात अशी. शेडला नवे पत्रे बसवले. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाआधी रंग हवा म्हणून 'ऑइलपेंटचे दोन हात' असं काम ठरलं. पावसाने दोन दिवस उघडीप दिली. चौदा तारखेला सकाळी पहिला हात झाला आणि त्याच दिवशी दुपारी उन्हात दुसरा. मी त्या आठवड्यात मुलीकडे पुण्याला होतो. आलो तेव्हा पश्चिमेच्या बाजूवर म्हाताऱ्याच्या कातडीसारख्या सुरकुत्या होत्या. (माझ्या हाताशी ताडून पाहिलं, तंतोतंत.) दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटू लागले आणि संक्रांतीला तर हाताएवढे तुकडे बागेत उडायला लागले. मग आपल्यातल्या बऱ्याच जणांनी निकाल देऊन टाकला की रंगाऱ्याने रंगात भेसळ केली, उरलेले पैसे देऊ नका.

बँकेत असताना तपासणीला गेलो की मी आधी व्हाउचर मागायचो, मत नंतर. तीच सवय. ब्लेड, चिकटपट्टी आणि नातवाचं भिंग घेऊन एक सकाळ शेडपाशी घालवली. ब्लेडने चौकटी पाडायच्या, चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटकन ओढायची. लोखंडी अँगलवर रंग जागचा हलला नाही. लाकडी दारावरही नाही. पत्र्यावर मात्र दोन्ही हात एकत्र निघून आले आणि खाली चकचकीत पत्रा दिसला. रंग तोच, डबा तोच, माणूस तोच, दिवस तोच. भेसळ असती तर दार आणि अँगल सुटले असते का?

म्हणजे दुखणं रंगात नाही, पत्र्यात आहे. आपण ज्याला साधा पत्रा म्हणतो त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो. नवा असताना तो गुळगुळीत, तेलकट असतो, रंगाला धरायला जागाच नसते. शिवाय ऑइलपेंटमधलं तेल आणि जस्त यांचं जमत नाही. दोघांच्या संयोगाने मधे साबणासारखा एक थर तयार होतो आणि रंगाची पकड सुटते. लोखंडावर आपण डोळे झाकून मारतो तो लाल रेड ऑक्साइडही बहुधा त्याच जातीचा, त्यामुळे तो खाली असता तरी फार फरक पडला नसता.

मग पहिला हात झाल्यावर छान का दिसत होता? कारण तो पातळ होता. रंग वाळताना आक्रसतो. दुसरा हात आला की जाडी वाढते, ओढही वाढते, आणि कच्च्या पकडीवरचा सगळा थर घेऊन तो निघतो. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर जुन्या थकबाकीवर नवं कर्ज दिलं की खातं काही दिवस छान दिसतं.

सुरकुत्यांची गोष्ट वेगळी. घरात जवसाची चटणी करणाऱ्यांना जवस माहीत आहे. जवसाचं तेल फळीला चोळून ठेवा, ते वाळून कडक होतं. शेंगदाण्याचं तेल महिनाभराने पाहिलं तरी ओशटच. ऑइलपेंट असाच हवेतला प्राणवायू घेऊन वाळतो, आणि वरून आत वाळत जातो. बोटाला कोरडा लागला तरी पोटात ओला असतो. त्यावर दुसरा हात मारला की त्यातलं टर्पेंटाइन आत शिरून खालचा थर फुगवतं. डब्यावर दोन हातांत आठ-दहा तासांचं अंतर लिहिलेलं असतं, तेही कोरड्या हवेत आणि पातळ हाताला. श्रावणातल्या ओल्या हवेत रात्र जाऊ द्यावी, दोन गेल्या तर उत्तमच. त्यात दुपारी पत्रा तव्यासारखा तापलेला. वरची साय लगेच धरली, खालचा रंग हलत राहिला, झाल्या सुरकुत्या. म्हणूनच त्या फक्त पश्चिमेला आहेत, उत्तरेची बाजू सपाट आहे. जाऊन पाहा.

आता रंगारी म्हणतो, मी फुकट तिसरा हात मारून देतो. समितीतल्या काही जणांना हे पटलंय. तो भला माणूस आहे म्हणून म्हणतो, पण हे करू नका. तिसऱ्याने ओढ आणखी वाढेल.

वरचा थर खालच्याला वाचवतोच असं नाही, याचा मोठा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जुनी चित्रं इसवी सनापूर्वीची आणि त्यांच्यावर काही शतकांनी नवी चित्रं काढलेली. ते थर शतकानुशतकं टिकले. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटणारा गिलावा त्यांनी पक्का केला, हे उपकारच. पण चित्रांवर लाखेचं व्हार्निशही दिलं. हेतू रक्षणाचाच होता. ते पुढे पिवळं-तपकिरी पडलं, त्यावर धूळ धरली आणि पुरातत्त्व खात्याला ते जपून जपून उतरवत बसावं लागलं. पुढच्या सहलीला आपल्या तालुक्यातलं पितळखोरं ठरलंय, तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवरही नंतरच्या काळातली चित्रं आहेत. तेव्हा खांबाला टेकून फोटो काढू नका, एवढी विनंती.

तर शेडचं काय करायचं? पत्र्यावरचा सुटलेला रंग सगळा खरवडायचा. कपडे धुण्याच्या पावडरने पत्रा धुवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. पॉलिश पेपरने हलकं घासायचं, पण जस्त निघेल इतकं नाही. मग जस्ताच्या पत्र्यासाठीचा प्रायमर. दुकानात 'जीआय शीटसाठी' असं स्पष्ट सांगून मागायचा, नाहीतर पुन्हा लाल डबा हातात पडेल. त्यावर रंग सकाळी, जी बाजू सावलीत असेल तिथे, आणि दुसरा हात दुसऱ्या दिवशी. अँगल आणि दार जसं आहे तसं राहू द्या. पावसाळ्याआधी उरकायचं असेल तर कामाला आठवडा द्या. झेंडावंदनाची तारीख दाखवून कुणाची पाठ धरू नका.

पैशांचं म्हणाल तर हे काम दुरुस्ती व देखभाल निधीतलं. आदर्श उपविधींप्रमाणे त्यासाठी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आपण भरतोच. वेगळी वर्गणी लागत नाही.

राहिले ते चार हजार. कामाच्या कागदावर 'दोन हात ऑइलपेंट' एवढंच लिहिलं होतं. प्रायमर नव्हता, दोन हातांतलं अंतर नव्हतं, मुदत मात्र ठळक होती. त्याने दोन हात मारले. दुपारी मारायला नको होतं हे त्याला कळायला हवं होतं हे खरं, पण ती घाई त्याची नव्हती. त्या घरात मुलीची दहावी चालू आहे. माझा ठराव असा की चार हजार आधी द्यावेत, आणि नव्या कामाचे दर त्याच्याकडूनच मागवावेत, या वेळी खरवडण्यापासूनची प्रत्येक पायरी कागदावर लिहून. अनुमोदन कोण देतंय ते चहाच्या वेळी सांगा.

आणि शेडची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. ज्यांच्या सायकली आत आहेत त्यांनी रविवारी नऊच्या आत काढून न्याव्यात.