पंढरपुरांत स्पर्धेचें हौशी बिनतारी केंद्र

सन २०२२ मध्यें आषाढी एकादशी १० जुलै रोजीं, रविवारीं आली. साथीमुळें दोन वर्षें खंडित झालेली पायीं वारी पुन्हां निघालेली होती, आणि पंढरपुरांत लक्षावधि वारकरी लोटलेले होते. त्याच शनिवारीं सायंकाळीं साडेपांच वाजतां जगभर आणखी एक मेळा भरला व रविवारीं सायंकाळीं साडेपांच वाजतां तो उठला. हा मेळा हौशी बिनतारीवाल्यांचा. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाची वार्षिक स्पर्धा जुलै महिन्याच्या दुसऱ्या पूर्ण शनिवार-रविवारीं असते. चोवीस तासांत शक्य तितक्या केंद्रांशीं संपर्क साधावयाचा व प्रत्येकाची बिनचूक नोंद ठेवावयाची, हा तिचा खेळ. बिनतारीवाल्यांनीं पृथ्वीच्या नकाशाचे चौकोन पाडून त्यांस अक्षरें व आंकडे दिलेले आहेत. त्या हिशेबानें पंढरपूर 'एम-के-७७' या चौकोनांत येतें. या चौकोनांतून अशा मेळ्यांत हजेरी लावावयाची झाल्यास काय काय जमवावें लागेल, आणि तो खटाटोप करण्यांत कांहीं अर्थ आहे काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

हौशी बिनतारीवाला, ज्यास सर्वत्र 'हॅम' म्हणतात, तो नुसता श्रोता नव्हे. स्वतःच्या घरांतून संदेश पाठविण्याचा परवाना सरकारनें ज्यास दिला आहे असा तो खासगी माणूस होय. त्यास या यंत्रावर व्यापार करतां येत नाहीं, जाहिरात करतां येत नाहीं, लोकांच्या करमणुकीसाठीं गाणीं लावतां येत नाहींत. मात्र हिंदुस्थानांतील नभोवाणीचा पाया अशाच हौशी लोकांनीं घातला, हें नभोवाणीच्या श्रोत्यांनीं विसरूं नये. मुंबईच्या रेडिओ क्लबनें जून १९२३ मध्यें कार्यक्रम ऐकविण्यास आरंभ केला तेव्हां सरकारी नभोवाणी जन्मासहि आलेली नव्हती. पुढें दुसरें महायुद्ध सुरू होतांच हौशी लोकांस आपले प्रक्षेपक पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम सुटले. तरी १९४२ च्या चळवळींत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत जें गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र चालविलें, त्याच्या यंत्ररचनेंत नरिमन प्रिंटर या हौशी बिनतारीवाल्याचाच हात होता. तें केंद्र ४२.३४ मीटर लांबीच्या लहरींवर बोलत असे. गणित करून पाहिल्यास ही जागा ७.०८ मेगॅहर्ट्झच्या आसपास पडते, म्हणजे हौशी मंडळींच्या ज्या चाळीस मीटरच्या पट्ट्यांत आज स्पर्धेचा गलबला चालतो, त्याच्या ऐन मध्यांत. ज्या जागीं बोलल्याबद्दल एके काळीं तुरुंग मिळाला, तेथें आज शाळकरी मुलासहि परवाना घेऊन बोलतां येतें.

परवाना वयाच्या बाराव्या वर्षापासून मिळूं शकतो. दूरसंचार खात्याच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेमार्फत परीक्षा होते. तींत विद्युत् व रेडिओ यांचें प्राथमिक ज्ञान आणि नियम विचारतात. वरच्या वर्गासाठीं मोर्सची 'कडकट्ट' मिनिटास आठ शब्दांच्या गतीनें घेतां व देतां आली पाहिजे. उत्तीर्ण झालेल्यास 'व्ही-यू-२' अथवा 'व्ही-यू-३' या अक्षरांनीं सुरू होणारें हांकेचें नांव मिळतें. मॅट्रिकपर्यंतचें पदार्थविज्ञान ज्यानें मन लावून केलें आहे त्यास ही परीक्षा जड जाऊं नये.

आतां स्पर्धेचें गणित पाहूं, कारण केंद्राची सारी मांडणी त्यावर अवलंबून आहे. सर्वांत मोठी स्पर्धा १९४८ सालीं 'सी-क्यू' या अमेरिकन मासिकानें सुरू केलेली. बोलण्याची स्पर्धा ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारीं व मोर्सची नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारीं होते. ती अठ्ठेचाळीस तासांची असते. आपल्याकडील घड्याळानें शनिवारीं पहांटे साडेपांचास तिचा आरंभ होतो. या स्पर्धेसाठीं जगाचे चाळीस विभाग पाडलेले असून आपला विभाग बाविसावा आहे. दुसऱ्या खंडांतील केंद्राशीं संपर्क झाला तर तीन गुण, आशियांतील परदेशाशीं झाला तर एक गुण, आणि आपल्याच देशांतील केंद्राशीं झाला तर शून्य. या गुणांस, प्रत्येक पट्ट्यावर जितके देश व जितके विभाग गांठले त्यांच्या बेरजेनें गुणावयाचें. समजा, युरोपांतील तीनशें केंद्रें मिळालीं. त्यांचे गुण नऊशें. देश व विभाग मिळून साठ भरले तर चोपन्न हजार, नव्वद भरले तर एक्यायशीं हजार. म्हणून एकाच दिशेस तोंड करून बसणारा मागें पडतो. सोलापूरच्या मित्राशीं गप्पा मारणें सुखाचें असेल, परंतु येथें त्यास किंमत शून्य. त्याच्यामुळें आपला देश व विभाग पदरांत पडतात इतकेंच.

गांवांतील जागेचा प्रश्न सर्वांत कठीण. महाद्वाराच्या आसपासचे जुने वाडे एकमेकांस खेटून आहेत. जुन्या माळवदावर उंच खांब उभा करणें धोक्याचें. मातीचें छत ताण सहन करीत नाहीं, आणि पावसाळ्यांत गळूं लागतें तें वेगळेंच. शिवाय यात्रेकरूंची उतरण्याची सोय करणाऱ्या घरांत अठ्ठेचाळीस तास स्वस्थपणें बसणें अशक्य. गोपाळपुराकडे किंवा वाखरीकडे, गांवाबाहेर, मळ्यांत जागा मिळाली तर उत्तम. तेथें एक नैसर्गिक देणगी आहे, ती काळी जमीन. ही चिकण माती ओलावा धरते व विजेस चांगली वाहूं देते. उभ्या एरियलीस अशी जमीन फार मानवते. मात्र तीच माती उन्हाळ्यांत हातभर भेगाळते व पावसांत फुगते. खांबाचा पाया वरच्यावर घातला तर दोन वर्षांत खांब कलतो. मुरूम लागेपर्यंत खोल जाऊनच पाया भरावा, आणि तीन बाजूंनीं तारांचे ताण द्यावेत. वळवाच्या पावसांत व परतीच्या पावसांत या भागांत विजा फार होतात. तेव्हां खांबास जमिनींत जाड तांब्याची जोडणी हवी, आणि आभाळ गडगडूं लागतांच एरियलची तार यंत्रापासून सोडवून घराबाहेर टाकावी. त्या वेळीं स्पर्धेंत कितीहि गुण मिळत असले तरी मोह आंवरावा.

एरियल साधी असली तरी चालते. १४३ या आंकड्यास मेगॅहर्ट्झनीं भागलें कीं अर्धलहरी तारेची लांबी मीटरांत निघते. चाळीस मीटरच्या पट्ट्यास सुमारें वीस मीटर तार, वीस मीटरच्या पट्ट्यास सुमारें दहा मीटर, पंधराच्या पट्ट्यास पावणेसात. तार मधोमध कापून तेथें यंत्राकडे जाणारी केबल जोडली, कीं झाली एरियल. खर्च मोजक्या रुपयांचा. ही तार निदान दहा मीटर उंच पाहिजे. ती बुटकी राहिली तर लहरी दूर क्षितिजाकडे न जातां आभाळाकडेच जातात, व बंगलोर-कलकत्त्यापलीकडची वार्ता दुर्मिळ होते. ज्यास खरोखरच गुण मिळवावयाचे आहेत त्यानें मात्र यागी एरियल उभारावी. यागी व उदा या जपानी संशोधकांची ही युक्ति १९२६ पासून जगास ठाऊक आहे, आणि घरोघरच्या दूरचित्रवाणीच्या एरियलीमुळें तिचें रूपहि परिचयाचें आहे. तीन काड्यांची यागी एका दिशेस तिप्पट-चौपट जोर लावते. शंभर वॅटचें यंत्र तीन-चारशें वॅटचें असल्यासारखें ऐकूं जातें.

ती वळवावी कोणीकडे, हा प्रश्न सपाट नकाशावर सोडवूं नये. अमेरिका पश्चिमेस आहे असें शाळेंतील मूल सांगेल व यागी अरबी समुद्राकडे करून बसेल. पृथ्वीचा गोल घेऊन पंढरपुरापासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून पाहावा. तो उत्तरेकडे, जवळजवळ ध्रुवाच्या अंगानें जातो. युरोप वायव्येस आणि जपान ईशान्येस येतें. पहांटे चाळीसच्या पट्ट्यावर पश्चिमेकडचीं केंद्रें अजून ऐकूं येत असतात. ऊन चढतांच दहा व पंधराचे पट्टे पूर्वेकडे उघडतात. दुपारपासून युरोप सुरू होतो व रात्रीं खालच्या पट्ट्यांवर उतरावें लागतें. जपानांत हौशी मंडळी विपुल, त्यामुळें सकाळीं तिकडेच रमण्याचा मोह होतो. परंतु तेथें एकेक गुण, आणि युरोपांत तीन-तीन. सूर्यावरील डागांचें सुमारें अकरा वर्षांचें जें चक्र आहे त्याच्या भरतीच्या काळांत, जसा २०२४ चा सुमार होता, दहा मीटरचा पट्टा थोड्याशा शक्तीवरहि पृथ्वी पालथी घालतो. ओहोटींत तोच पट्टा दिवसेंदिवस मुका राहतो.

यंत्र शंभर वॅटचें पुरे. वरच्या वर्गाच्या परवान्यास याहून पुष्कळ अधिक शक्तीची मुभा आहे, पण स्पर्धेंत शंभर वॅटपर्यंतच्यांचा निराळा गट असतो व त्यांत गरिबाची लढत बरोबरीची होते. एवढें यंत्र बोलतांना बारा व्होल्टच्या विजेऱ्यांतून वीस-बावीस अँपिअर ओढतें. रात्रीं वीज गेली कीं स्पर्धा थांबूं नये म्हणून ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी जवळ असावी. उसाच्या मुलुखांत ती मिळण्यास अडचण नाहीं.

खरा शत्रु निराळाच आहे, तो म्हणजे गोंगाट. हा कानांचा गोंगाट नव्हे. एलईडी दिव्यांच्या स्वस्त माळा, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, धूळ बसलेले विजेच्या खांबांवरील चिनी मातीचे चिमणे, हीं सर्व सूक्ष्म ठिणग्यांनीं बिनतारीच्या पट्ट्यांत खरखर सोडतात. ऑक्टोबरची स्पर्धा दिवाळीच्या आगेंमागें येते. नोव्हेंबरची स्पर्धा कार्तिकीच्या यात्रेंत सांपडूं शकते. २०२३ मध्यें कार्तिकी एकादशी २३ नोव्हेंबरची व स्पर्धा २५ आणि २६ ची होती. रोषणाईनें झगमगलेल्या गांवांत, फिनलंडमधून कोणी पांच वॅटवर हांक मारीत असेल तर ती ऐकूं येणार कशी? गांवाबाहेर जाण्याचें मुख्य कारण हेंच. उलट बाजूनें शेजाऱ्याच्या दूरचित्रवाणीवर आपल्या बोलण्याचे पट्टे उमटूं लागले, तर त्याच्याशीं भांडूं नये. गाळणी स्वतःच्या खर्चानें बसवून द्यावी. स्पर्धाकेंद्र मोडतें तें बहुधा यंत्र बिघडल्यामुळें नव्हे, तर आळींतील मनें बिघडल्यामुळें.

या स्पर्धांवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. तेथें कोणी कोणाशीं बोलत नाहीं. आपलें नांव सांगावयाचें, 'एकोणसाठ, बावीस' म्हणावयाचें आणि पुढें चालावयाचें. एकोणसाठ म्हणजे 'आपला आवाज अगदीं स्पष्ट व जोरदार येतो' असें प्रमाणपत्र. तें जेमतेम कानीं पडणाऱ्यासहि सरसकट दिलें जातें. आक्षेप खोटा नाहीं. पण वारींतहि जो तो दुसऱ्यास 'माउली' म्हणतो. ती परीक्षा नसून रीत असते. खरी परीक्षा हांकेचें नांव बरोबर टिपण्याची आहे. स्पर्धा संपल्यावर पांच दिवसांत नोंदवही पाठवावी लागते, आणि दोन्ही बाजूंच्या वह्या एकमेकींशीं ताडून पाहिल्या जातात. एक अक्षर चुकलें तर तो संपर्क जातो, व वर दंडाचे गुण कापले जातात. कानांनीं ऐकलें नाहीं तें अंदाजानें लिहूं नये, ही शिस्त दोन रात्रींच्या जागरणांत अंगीं मुरते.

ती कोठें उपयोगीं पडते याचें उदाहरण समुद्रापलीकडे घडलें. डिसेंबर २००४ मध्यें हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचें एक पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालीं अंदमानांत गेलें होतें. तेथून हौशी प्रक्षेपण कित्येक वर्षांत झालेलें नव्हतें. जगांतील हौशांना तो दुर्मिळ देश मिळवून द्यावा, म्हणजे शुद्ध खेळच, हा हेतु होता. ता. २६ रोजीं त्सुनामी आली. नेहमींचीं संदेशवहनाचीं साधनें कोलमडलीं, आणि त्याच यंत्रांवरून, त्याच माणसांनीं तेव्हांच्या पोर्ट ब्लेअरचा मुख्य भूमीशीं संबंध जोडला व बेपत्ता माणसांची वार्ता त्यांच्या घरच्यांस पोंचविली. त्यापूर्वीं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हांहि हौशी बिनतारीवाले धांवून गेले होते; आणि किल्लारी कांहीं दूर नाहीं, सोलापूर जिल्ह्यास लागूनच असलेल्या मुलुखांतील आहे. गंगासागरच्या यात्रेंत पश्चिम बंगालचे हौशी लोक चुकलेल्या यात्रेकरूंस घरच्यांशीं गांठून देतात. पंढरपुरांत तर दोन्ही निमित्तें आहेत. उजनीचें पाणी सुटलें कीं भीमा पात्र सोडते व वाळवंटांतील पुंडलिकाचें मंदिर पाण्यांत जातें. आणि आषाढींत एवढ्या गर्दीनें एकदम फोन लावले कीं ते लागेनासे होतात. चुकलेली म्हातारी कोणत्या दिंडींतील, कोणत्या गांवची, हें गोंगाटांतून एकदांच ऐकून अचूक लिहून घेणारा माणूस त्या वेळीं हवा असतो. एरियल खांब एका दिवसांत उभा राहील. तसा कान तयार होण्यास दोन-तीन हंगाम लागतात.

परवाना नसतांनाहि नुसतें ऐकण्यास आरंभ करतां येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवारीं पहांटे साडेपांचास उठून लघुलहरींचा संच लावावा. साध्या संचावर हें बोलणें बदकांच्या कलकलाटासारखें ऐकूं येतें, कारण हौशी लोक लहरीची एकच बाजू पाठवितात. 'एस-एस-बी' असें लिहिलेलें बटण ज्यावर आहे असा संच पाहिजे. खिडकींतून आठ-दहा मीटर तार बाहेर सोडावी, घरांतील एलईडी दिवे मालवावेत, आणि चौदा मेगॅहर्ट्झपासून हळूहळू वर सरकत जावें. पाटी-पेन्सिल हाताशीं असावी. पहिल्या तासांत दहा नांवें बरोबर उतरलीं तरी पुष्कळ झालें.