शीतक वायूंचा ताळेबंद



अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, दोन गोष्टींसाठी ओळखला जातो : दुष्काळ आणि सहकार. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच वाटेने पुढे दूधही सहकारात आले. उसाचे पैसे हंगामाला मिळतात; घरचा किराणा, मुलांची वह्या-पुस्तके आणि दवाखाना मात्र दुधाच्या पगारावर चालतो. संगमनेर, कोपरगाव, राहाता, राहुरी, श्रीरामपूर या भागांतील असंख्य कुटुंबांचा हा रोजचा अनुभव आहे.

धारेतून निघालेले दूध गाईच्या अंगाइतके, म्हणजे सुमारे ३८ अंश उष्ण असते. ते काही तासांत ४ अंशांपर्यंत थंड झाले नाही तर नासू लागते. म्हणूनच गावोगावच्या संकलन केंद्रांत पोलादी बल्क कूलर बसले. त्या कूलरच्या तांब्याच्या नळ्यांतून जो ‘गॅस’ फिरतो, त्याच्याविषयी आफ्रिकेतील रवांडा देशाच्या राजधानीत, किगाली येथे, २०१६ साली जगातील राष्ट्रांनी एक करार केला. नगरच्या दुधाचा आणि किगालीच्या कराराचा संबंध काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ शास्त्रज्ञांचा किंवा मुत्सद्द्यांचा उरत नाही.

माठ आणि यंत्र

माठातील पाणी झिरपते, त्याचे बाष्प होते आणि ते बाष्प जाताना उष्णता बरोबर घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी गार राहते. शीतयंत्राचे तत्त्व याहून वेगळे नाही. माठ आपले बाष्प वाऱ्यावर सोडून देतो. यंत्र मात्र ते नळ्यांत कोंडून, कॉम्प्रेसरने दाबून पुन्हा द्रवरूप करते आणि तेच द्रव्य पुन्हा पुन्हा वापरते. या द्रव्याला शास्त्रात शीतक म्हणतात आणि कारागीर त्याला ‘गॅस’ म्हणतो. जोवर ते नळ्यांत आहे, तोवर त्याचा कोणालाही उपद्रव नाही. नळीला चीर पडली, सांधा सैल झाला किंवा दुरुस्तीच्या वेळी जुना गॅस हवेत सोडून दिला की अनर्थाला आरंभ होतो.

आरंभीच्या शीतयंत्रांत अमोनियासारखे विषारी वायू असत. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील शीतक पुढे आणले. ते पेट घेत नव्हते आणि विषारीही नव्हते. त्यामुळे ते निर्दोष मानले गेले. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, हेच वायू आकाशात उंच जाऊन पृथ्वीचे ओझोनचे कवच खातात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचा क्षय जगासमोर आला आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे हे वायू हटविण्याचा करार झाला.

त्यांच्या जागी कालांतराने हायड्रोफ्लुरोकार्बन वर्गातील वायू आले. ते ओझोनला धक्का लावत नाहीत. परंतु उष्णता कोंडून ठेवण्याची त्यांची शक्ती भयंकर आहे. कार्बन डायऑक्साइडची शक्ती १ मानली, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने मोटारींतील आर-१३४ए ची १,४३०, वातानुकूलन यंत्रांतील आर-४१०ए ची २,०८८ आणि शीतगृहांतील आर-४०४ए ची ३,९२२ भरते. आर-४०४ए चा एक किलो गॅस हवेत गेला, तर जवळजवळ १,७०० लिटर पेट्रोल जाळल्याइतकी हानी होते. एवढ्या पेट्रोलवर मोटारसायकल पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घालील. एक रोग बरा करताना दुसरा ओढवून घेतला, असे या इतिहासाचे सार आहे.

न्यायाचा प्रश्न

येथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. ज्यांनी शंभर वर्षे गारव्याचे सुख भोगले, त्यांनी उकाड्यात राहणाऱ्यांना संयम शिकवावा काय? भारत सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शीतकरण कृती आराखड्यात याचे उत्तर आकड्यांत आहे. इमारती थंड ठेवण्यासाठी भारतात दरडोई वर्षाला ६९ युनिट वीज लागत होती. जगाची सरासरी २७२ युनिट होती. वातानुकूलन यंत्र असलेली घरे शेकडा ८ च्या आसपास होती. पापाचा मोठा वाटा कोणाचा, हे यावरून स्पष्ट होते.

परंतु हा आक्षेप भारताने केवळ तक्रारीच्या स्वरूपात मांडला नाही. १९९० च्या लंडन बैठकीत भारत आणि चीन यांनी ठाम भूमिका घेतली की, बदलाचा खर्च आणि तंत्रज्ञान यांची सोय झाल्याशिवाय विकसनशील देशांकडून अपेक्षा करणे अन्याय्य आहे. त्यातून बहुपक्षीय निधी निर्माण झाला आणि १९ जून १९९२ रोजी भारत करारात सामील झाला. दिलेला शब्दही पाळला गेला. दम्याच्या औषधी फवाऱ्यांचा अपवाद वगळता क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन भारताने १ ऑगस्ट २००८ पासून, मुदतीच्या सतरा महिने आधी थांबविले.

किगाली येथे भारताची बाजू मांडली ती तत्कालीन पर्यावरणमंत्री अनिल माधव दवे यांनी. संघाचे प्रचारक म्हणून घडलेल्या आणि नर्मदेच्या सेवेला वाहून घेतलेल्या दवेंचे व्यक्तिमत्त्व साधे, पण वाटाघाटीत पक्के होते. भारताची मूळ मागणी अधिक उशिराच्या वर्षांची होती. तिच्यात काही तडजोड करावी लागली. तथापि, अतिउष्ण देशांचा वेगळा गट करून त्यांना अधिक अवधी देण्याचे तत्त्व मान्य झाले. रात्रभराच्या चर्चेनंतर १५ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे करार संमत झाला. त्याच दिवसांत आर-२२ च्या कारखान्यांत उपपदार्थ म्हणून निघणारा एचएफसी-२३ हा १४,८०० पट उष्णताधारक वायू जाळून नष्ट करण्याचा आदेश भारताने आपल्या उत्पादकांना दिला. दवे १८ मे २०१७ रोजी निवर्तले. आपले स्मारक करू नये, करायचेच असेल तर झाडे लावावीत, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते.

मिळालेला अवधी

भारताने २७ सप्टेंबर २०२१ रोजी या कराराला अंतिम मान्यता दिली. श्रीमंत राष्ट्रांनी २०१९ पासूनच कपात सुरू करावयाची होती. भारतासाठी २०२४, २०२५ आणि २०२६ ही आधारवर्षे ठरली. या वर्षांतील सरासरी वापरात जुन्या एचसीएफसी वायूंच्या ठरीव पातळीचा ६५ टक्के भाग मिळवून मर्यादा निघते. २०२८ मध्ये ती गोठते. त्यानंतर २०३२ मध्ये १०, २०३७ मध्ये २०, २०४२ मध्ये ३० आणि २०४७ मध्ये ८५ टक्के कपात करावयाची आहे. २०४७ हे स्वातंत्र्याच्या शताब्दीचे वर्ष आहे. सर्व राष्ट्रांनी हा करार पाळला, तर शतकाअखेर होणारी सुमारे ०.३ ते ०.५ अंशांची तापमानवाढ टळेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

हा अवधी उदारपणाने मिळालेला नाही, तो झगडून मिळविलेला आहे. झगडून मिळविलेला वेळ निष्काळजीपणाने घालविणे हे मिळविणाऱ्याच्या श्रमांचा अवमान करणे होय. २०४२ पर्यंत केवळ ३० टक्के आणि पुढच्या पाच वर्षांत एकदम ५५ टक्के, अशी या पायऱ्यांची रचना आहे. कर्ज फेडताना शेवटचा हप्ता सर्वांत मोठा ठेवणाऱ्या माणसाने आधीची वर्षे बचतीत घालवावी लागतात. आज बसविलेला कूलर किंवा शीतगृह पंधरा-वीस वर्षे चालते. म्हणजे २०४७ चा हिशेब आजच्या खरेदीपासूनच सुरू होतो.

हिवरे बाजारचा धडा

आंतरराष्ट्रीय करार सामान्य माणसाला फार दूरचे वाटतात; परंतु नगर जिल्ह्याने तशाच स्वरूपाचा करार आपल्या शिवारात यशस्वी करून दाखविला आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंधन घातले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची पद्धत पाडली. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिकांना किती देता येईल, हे आधी ठरते आणि मग पेरणी होते. एकट्याने बोअर न घेणे हा मूर्खपणा ठरला असता. सर्वांनी न घेणे हा शहाणपणा ठरला, कारण प्रत्येकाला दुसऱ्याच्या शब्दाची खात्री होती. माँट्रियल आणि किगाली करारांचे मर्म हेच आहे : सर्वांना लागू असलेला नियम, प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे मुदत आणि सर्वांसमोर हिशेब.

मग हाच ताळेबंद शीतक वायूंचा का मांडू नये? बल्क कूलरमध्ये सामान्यतः आर-२२ किंवा आर-४०४ए यांसारखे शीतक असतात. बंद यंत्रात गॅस ‘संपत’ नसतो. तो कमी झाला, याचा अर्थ तो गळाला. तरीही वर्षाआड गॅस भरून घेणे हा देखभालीचाच भाग समजला जातो आणि गळती शोधण्याचे राहून जाते. प्रत्येक संकलन केंद्राने, शीतगृहाने आणि शिर्डीतील प्रत्येक मोठ्या भक्तनिवासाने एक साधी वही ठेवावी : कोणत्या यंत्रात कोणता गॅस, केव्हा भरला, किती किलो भरला, गळती कोठे सापडली. यात संस्थेचा स्वार्थही आहे. गॅस कमी झालेले यंत्र अधिक वीज खाते, दूध उशिरा थंड करते आणि तोटा अखेर उत्पादकाच्या माथी येतो.

स्वदेशी पर्याय

पर्यायाचा विचार करताना एका गोष्टीकडे दुर्लक्ष होता कामा नये. परदेशी कंपन्यांनी एचएफओ नावाचे नवे शीतक आणले आहेत. त्यांची उष्णताधारक शक्ती अल्प आहे. मात्र त्यांवर पेटंटची कुलुपे आहेत आणि त्यांपैकी काही विघटन पावून पाण्यात दीर्घकाळ टिकणारे आम्ल तयार करतात. याउलट अमोनिया, प्रोपेन, आयसोब्युटेन आणि स्वतः कार्बन डायऑक्साइड ही निसर्गात आढळणारी द्रव्ये कोणाच्याही मालकीची नाहीत. अमोनियाची उष्णताधारक शक्ती शून्य आहे आणि मोठ्या दूध प्रकल्पांत तो कित्येक वर्षे वापरात आहे. घरातील बहुतेक नवे फ्रिज आयसोब्युटेनवर चालतात. २०१२ मध्ये गोदरेजने प्रोपेनवर चालणारी घरगुती वातानुकूलन यंत्रे भारतीय बाजारात आणली. म्हणजे हा मार्ग काल्पनिक नाही.

त्यात धोका आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमोनिया विषारी आहे आणि प्रोपेन पेट घेतो. म्हणून या सर्व प्रयत्नांचा कणा आहे तो कारागीर. हातात पाना आणि खांद्यावर सिलिंडर घेऊन मोटारसायकलवरून वाडी-वस्तीवर जाणारा हा तरुण पुष्कळदा उस्तादाच्या हाताखाली शिकलेला असतो. प्रमाणपत्र, विमा, गॅस परत काढून घेण्याचे यंत्र यांपैकी काहीही त्याच्याजवळ नसते. २०१९ च्या आराखड्याने एक लाख कारागिरांच्या प्रशिक्षणाचे लक्ष्य ठेवले होते. अशा प्रशिक्षणाचा लाभ नगर, संगमनेर, श्रीरामपूर येथील कारागिरांपर्यंत पोहोचतो की नाही, याची चौकशी दूध संघांनी आणि सामाजिक संस्थांनी करावयास हवी. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत शीतयंत्रांचा उद्योग आला आहे. त्याच तालुक्यातील मुलांना यंत्र जोडण्याबरोबर ते सुरक्षितपणे दुरुस्त करण्याचेही ज्ञान मिळाले, तर रोजगार आणि पर्यावरण ही दोन्ही कार्ये साधतील. नव्या यंत्राचा वाढीव खर्च दोन गाईंच्या उत्पादकावर पडू नये, ही मागणीही तितक्याच आग्रहाने झाली पाहिजे. लंडनला राष्ट्राराष्ट्रांमध्ये मान्य झालेला न्याय गावच्या केंद्रापर्यंत उतरला तरच तो खरा.

गारव्याची गरजच कमी करणे हा उपायही विसरता येणार नाही. नगरच्या गावांतील पांढऱ्या मातीचे धाबे आणि जाड भिंती उन्हाळ्यात घर थंड राखीत. धाब्याच्या जागी पत्रा आणि सिमेंटचा स्लॅब आला; उष्णता घरात शिरली आणि मागोमाग यंत्र आले. जुन्या घरांकडे परत जाणे सर्वांना शक्य नाही. पण छताला पांढरा लेप, पश्चिमेच्या भिंतीला झाडाची सावली, वारा खेळेल अशा खिडक्या आणि यंत्र २४ ते २६ अंशांवर ठेवण्याची सवय, एवढे प्रत्येक कुटुंबाला करता येईल.

सज्जनहो, राष्ट्राची प्रतिष्ठा परिषदेतील भाषणाने मिळते, परंतु ती टिकते घराघरांतील आचरणाने. किगालीत भारताने शब्द दिला. तो शब्द दिल्लीत नव्हे, तर संकलन केंद्राच्या वहीत, कारागिराच्या हातात आणि खरेदीसमितीच्या बैठकीत पाळला जाणार आहे. चौंडीच्या कन्येचे नाव या जिल्ह्याने धारण केले आहे. देशभर विहिरी, बारवा आणि घाट बांधताना अहिल्यादेवींनी पाणी कोण पिणार, हे पाहिले नव्हते. पुढे येणाऱ्यांसाठी आकाश सांभाळण्याचे हे काम त्याच जातीचे आहे. त्याचा आरंभ करण्यास २०४७ ची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी गॅस भरावयास माणूस येईल, तेव्हा त्याला आधी गळती शोधावयास सांगावे आणि वहीत पहिली नोंद करावी.