मस्कतला बंद, पुण्यात चालू

मस्कतचं घड्याळ पुण्याच्या दीड तास मागे. तिथली बहीण आणि इथला भाऊ एका पटाशी बसणार कसे? संगणकावरच्या स्क्रॅबल या शब्दखेळानं ही अडचण सोडवली. एकानं रात्री शब्द लावायचा, दुसऱ्यानं सवडीनं उत्तर द्यायचं.

कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी काढलेला स्क्रॅबलसारखाच ‘स्क्रॅब्युलस’ हा खेळ 2007 मध्ये फेसबुकवर आला आणि लाखोंना त्याचं वेड लागलं. स्क्रॅबलचे हक्क अमेरिका-कॅनडात हॅस्ब्रो कंपनीकडे, ओमानसह उरलेल्या जगात मॅटेलकडे. दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या. जुलै 2008 मध्ये खेळ अमेरिका-कॅनडात थांबला. ऑगस्टमध्ये भारत सोडून इतर देशांतही. म्हणजे भाऊ पुण्यात खेळू शकत होता, बहिणीला मात्र मस्कतमधून डाव उघडता येईना!

सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं मोठा मार्मिक निवाडा दिला: ‘स्क्रॅब्युलस’ हे नाव वापरायचं नाही, पण पटावर मॅटेलचा कॉपीराइट चालणार नाही. भावांनी खेळाला ‘लेक्स्युलस’ नाव दिलं आणि हातातल्या अक्षरांच्या सोंगट्या सातच्या आठ केल्या.

संगणक स्वतःही पट्टीचा खेळाडू आहे. 2006 मध्ये ‘क्वॅकल’ या प्रोग्रॅमनं टोरांटोत माजी विश्वविजेते डेव्हिड बॉइज यांना हरवलं. आणि खेळ इंग्रजीपुरताच नाही, अरबी स्क्रॅबलही आहे. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे सोंगट्यांचं काम सोपं होतं. मराठीत खरा पेच काना-मात्रा आणि जोडाक्षरांचा: ‘स्त्री’ला एक घर द्यायचं की चार?