एमसीबी वायर सांभाळतो, माणूस नाही

वसंत व्याख्यानमालेत संतांवर, इतिहासावर बोलायचं असतं. मी मात्र तुमच्या दारामागच्या वीज-बोर्डावर बोलणार आहे. निमित्त पावसाचं आहे. 2018 च्या जुलैत या एव्हरशाईन सिटीत पाणी भरलं होतं आणि वसई-विरारच्या बऱ्याच भागांत वीज बंद ठेवावी लागली होती, हे इथं कुणाला सांगायला नको. तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं की काय होतं, हेही आपण पाहिलं आहे.

तर त्या बोर्डात काय असतं ते पाहू. आधी जुना किटकॅट फ्यूज. चिनी मातीच्या दोन तुकड्यांमध्ये ताणलेली ती बारीक तार मुद्दामच कमजोर ठेवलेली असते. भिंतीतली वायर तापण्याआधी तिनं वितळायचं, एवढंच तिचं काम. पण 15 अँपिअरच्या किटकॅटमधली तार साधारण दुप्पट करंट गेल्यावर वितळते, म्हणजे ढिलाई आधीच भरपूर. त्यात फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी वायर सोलून तांब्याचे जाड पदर गुंडाळतो. मग फ्यूज उडायचा थांबतो आणि फ्यूजच्या जागी भिंतीतली वायर जळते. हा उद्योग करणाऱ्याला हुशार म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती बंद व्हावी.

फ्यूजच्या जागी बसणारा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, जास्त शहाणा आहे, कारण त्याच्या पोटात दोन यंत्रणा असतात. पहिली म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. गरम झाली की दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, पट्टी वाकते आणि खटका पडतो. हे सावकाश होतं. 16 अँपिअरचा एमसीबी 18 अँपिअरवर तासभर पडणार नाही. 23 च्या थोडं वर मात्र तासाभराच्या आत पडलाच पाहिजे, असा त्याचा दंडक आहे. एकाच लाइनवर 2000 वॅटचा गिझर, इस्त्री आणि मायक्रोवेव्ह लावले, की काही वेळानं लाइट जाते ती या पट्टीमुळे. दुसरी यंत्रणा तारेच्या वेटोळ्याची. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले की शेकडो अँपिअर धावतात, वेटोळ्याचं चुंबक होतं आणि ते सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास खटका पाडतं. घरात बहुधा ‘सी’ प्रकारचा एमसीबी असतो. त्याचं चुंबक 16 अँपिअरच्या पाच ते दहा पट, म्हणजे 80 ते 160 अँपिअरला जागं होतं.

आता खरा मुद्दा. ओल्या हातानं गिझरला हात लावला आणि शॉक बसला, तर शरीरातून किती करंट जाईल? ओल्या शरीराचा विरोध हजार ओहमच्या आसपास धरा. 230 व्होल्टला पाव अँपिअरही होत नाही. एवढ्यानं माणूस मरू शकतो, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याची खबरही लागत नाही.

ती खबर ठेवतो आरसीसीबी. तो किराणा दुकानदारासारखा हिशेब पाहतो: फेजनं गेलं तेवढं न्यूट्रलनं परत आलं का? 30 मिलीअँपिअरचा फरक पडला तर तो पुरवठा तोडतो. पण एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, तर त्याचा हिशेब बरोबर जुळतो आणि तोही गप्प बसतो. यावर उपाय नाही. उघड्या वायरीपासून लांब राहायचं.

पहिल्या पावसात ओल शिरते, आरसीसीबी सारखा पडतो आणि लोक तो बायपास करून घेतात. असं करू नका. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याच्याबरोबर पडेल, त्या लाइनीत दोष. सगळे खाली असूनही पडला तर न्यूट्रल तपासायला सांगा, कारण साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो.

आज घरी गेल्यावर बोर्ड उघडून आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबा. खटका पडला नाही, तर तो बदला. अर्थिंगची परीक्षा मात्र हे बटण घेत नाही, ती वेगळी करून घ्यावी लागते. आणि बोर्डात असं बटणच नसेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा, जूनच्या आधी.