एका रात्रीचा हिशेब

(शेतमाल निर्यात या विषयावरील भाषणाचे शब्दांकन)



मी पत्रकार आहे आणि माझी पदवी कला शाखेची. यंत्रांविषयी अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. परंतु बातमीच्या निमित्ताने नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागा आणि न्हावा शेवा बंदर यांच्या दरम्यान मी बरीच वर्षे हिंडलो. त्या वाटेवर जे पाहिले, तेच आज आपल्यासमोर ठेवणार आहे.

दिंडोरी तालुक्यातील एका बागाईतदाराने एकदा माझ्यापुढे दोन कागद ठेवले. पहिला होता त्याच्या द्राक्षांबरोबर परदेशी गेलेल्या तापमान-नोंदणी यंत्राचा आलेख. शून्य अंशाच्या आसपास सरळ जाणारी एक रेषा, मध्येच टेकडीसारखा उंचवटा, आणि पुन्हा सरळ रेषा. तो उंचवटा एका रात्रीचा होता. कंटेनर बंदराच्या वाटेवर असताना त्याचा वीजपुरवठा बंद राहिला आणि सकाळी कुणीतरी तो निमूटपणे सुरू केला. दुसरा कागद युरोपातील खरेदीदाराचा. माल विक्रीयोग्य नाही, निवडीचा व विल्हेवाटीचा खर्च आपल्या नावे टाकला आहे, असा त्याचा आशय. वर्षाच्या कष्टाचे मोल मिळणे दूरच, उलट देणे निघाले. तो मला म्हणाला, “साहेब, बाग मी बारा महिने जपली. या एका रात्रीचा हिशेब कुणाला मागू?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. ते शोधताना जे उमगले, तो आजचा विषय.

तोडलेले फळ जिवंत असते

वेलीवरून उतरवलेला घड निर्जीव नसतो. तो श्वास घेतो, उष्णता सोडतो, पाणी गमावतो. आधी देठ सुकतो, मग मणी सैल होऊन गळतात. आंबा किंवा केळी तोडल्यावर पिकतात. द्राक्ष तसे नाही. तोडताना जी गोडी उतरली असेल तीच शेवटपर्यंत. म्हणजे तोडणीनंतर गुण वाढवता येत नाही, फक्त राखता येतो.

म्हणूनच सकाळच्या गारव्यात तोडणी करतात. माल पॅकहाऊसमध्ये आणून निवडतात, पेट्या भरतात, आणि काही तासांच्या आत प्रीकूलिंगच्या खोलीत वेगवान थंड हवेने त्याच्या अंगातील शेतातली उष्णता काढून घेतात. पेटीत गंधकाचा वायू हळूहळू सोडणारा कागद असतो, तो बुरशीला आवर घालतो. मात्र मालाला मध्येच ऊब लागून पाणी सुटले, की हाच कागद अतिरेकी वायू सोडतो आणि मण्यांवर पांढुरके डाग पडतात. रक्षकच भक्षक होतो. त्या आलेखावरील उंचवट्याने नेमके हेच केले होते.

कंटेनर हा फ्रीज नव्हे

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी, की रीफर कंटेनर म्हणजे घरच्या फ्रीजचे मोठे भावंड. गरम वस्तू ठेवा, थंड होईल. वस्तुस्थिती वेगळी आहे. हा कंटेनर माल थंड करण्यासाठी नसतोच. थंड करून दिलेला माल तसाच राखण्यासाठी असतो. त्याच्या तळाशी खाचा असतात. त्यांतून थंड हवा पुढे जाते, पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परतते. रचना चुकली, वरची मर्यादारेषा ओलांडून पेट्या रचल्या, तर हवेची वाट अडते आणि पडद्यावर शून्य अंश दिसत असताना मध्यभागी माल तापतो.

शिवाय प्रत्येक जिनसेची थंडी निराळी. द्राक्षाला शून्य अंशाच्या जवळपास, केळीला तेरा-चौदा अंश, गोठवलेल्या मासळीला उणे अठरा. केळी द्राक्षाच्या थंडीत ठेवली तर काळवंडतील.

हवेच्या या वाटेचे महत्त्व जगाला फार पूर्वी कळले. १८८२ साली ‘ड्युनेडिन’ हे शिडाचे जहाज न्यूझीलंडहून सुमारे पाच हजार मेंढ्या-कोकरांचे गोठवलेले मांस घेऊन लंडनला निघाले. प्रवास ९८ दिवसांचा. उष्ण कटिबंधात लक्षात आले, की थंड हवा सर्वत्र पोहोचत नाही. कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या बोगद्यात सरपटत शिरला आणि त्याने करवतीने नवी छिद्रे पाडली. थंडीने त्याची शुद्ध हरपू लागली, तेव्हा सहकाऱ्याने पायांना दोर बांधून त्याला बाहेर ओढले. लंडनला पोहोचल्यावर अवघा एक नग खराब निघाला. यंत्र तेव्हा नवे होते, अपुरे होते. माल वाचला तो जबाबदारी आपली मानणाऱ्या माणसामुळे.

आपण काय शिकलो?

आपल्या द्राक्षांनीही धडे घेतले. १९९१ साली महाराष्ट्रातील उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप’ उभी केली. २००३ साली कीडनाशकांच्या अंशांवरून युरोपात आक्षेप आले. त्यानंतर अपेडाने अंश-तपासणीची व्यवस्था उभारली आणि पुढे ‘ग्रेपनेट’द्वारे पेटीपासून बागेपर्यंतचा माग काढता येऊ लागला. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे अनेक कंटेनर पुन्हा अडचणीत आले आणि तपासणीची यादी वाढली. विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखाली मोहाडीत उभी राहिलेली ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांचीच कंपनी. एकेकटा शेतकरी ज्याची मागणी करू शकत नाही, ते संघटित शेतकरी करू शकतो, हे या संस्थांनी दाखवले.

परंतु समुद्र कुणाच्या स्वाधीन नसतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामात सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालावा लागला. प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला, भाडे कडाडले. अशा वेळी आरंभीची तासाभराची हयगयही महाग पडते. कारण तिची फळे कुजायला दोन आठवडे अधिक मिळतात.

उत्तर

आता त्या बागाईतदाराच्या प्रश्नाकडे येतो. हिशेब कुणाला मागायचा? बाग, पॅकहाऊस, ट्रेलर, बंदर, जहाज, परदेशातील गोदाम; माल इतक्या हातांतून जातो, की प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो. ज्याच्या हाती नोंद नाही, त्याच्या हाती हिशेब नाही. आणि विक्रीनंतर उरेल ते देऊ, अशा बोलीवर माल गेला असेल, तर सगळा तोटा उलट्या वाटेने बागेपर्यंत येतो.

पुढील हंगामात मी त्याच्याकडे पुन्हा गेलो. त्याने शेजारच्या बागाईतदारांना बरोबर घेतले होते. त्यांच्याकडे एक साधी वही होती. माल कोणी, किती वाजता, किती अंशांवर हाती घेतला, खाली सही. सही नाही तर माल पुढे नाही. रात्री ट्रेलरबरोबर त्यांच्यातील एकजण बंदरापर्यंत जात असे. विमा उतरवताना यंत्रबिघाडाचे कलम आहे का, हे आधी वाचले जाई. बोली काय, हेही तोडणीपूर्वी लेखी ठरे.

बंधु-भगिनींनो, यात कोणतेही थोर तंत्रज्ञान नाही. आपल्या घरांतील मुले संगणकाकडे वळतात, उत्तम आहे. परंतु शीतयंत्रांची देखभाल, मालाची तपासणी, निर्यातीची कागदपत्रे ही कामेही सन्मानाची आहेत आणि तिथे जाणत्या माणसांची उणीव आहे. जो मुलगा मध्यरात्री उठून कंटेनरची तार जोडलेली आहे ना, हे पाहील, तो एका कुटुंबाचे वर्ष वाचवील.

त्या वहीचे पहिले पान मी पाहिले. वर कोणतेही शीर्षक नव्हते. पहिल्याच रकान्यात वेळ होती, पहाटेची, आणि खाली सही त्याची स्वतःची. हिशेब त्याने आपल्यापासून सुरू केला होता.